व्यायामाचा रतीब

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर गेली वीस वर्षे दुधाचे खाडे मांडले जातात. ज्या दिवशी दूध आले नाही त्या तारखेवर पेन्सिलीने फुली मारायची आणि महिनाअखेरीस त्या फुल्या वजा करून दूधवाल्याचे पैसे चुकते करायचे, एवढीच ती पद्धत आहे. लागोपाठ तीन दिवस खाडा झाला म्हणून रतीबच बंद करावा, असे घरात कधी कुणाच्या मनात आले नाही. व्यायामाच्या बाबतीत मात्र मी वयाच्या ३९व्या वर्षापासून ४७व्या वर्षापर्यंत नेमके तेच करत होते.

दर रथसप्तमीला मी सूर्यनमस्कारांचा संकल्प सोडत असे. पहिल्या दिवशी १२ नमस्कार घालायचे आणि दर आठवड्याला ते वाढवत न्यायचे, असा बेत असे. मग बँकेत मार्चअखेरीची कामे सुरू होत, घरी परतायला रात्रीचे नऊ वाजत, चार दिवस नमस्कार राहून जात, आणि मोडलेला नेम पुढे चालवण्यापेक्षा पुढच्या रथसप्तमीला नव्याने सुरुवात करणे मला अधिक योग्य वाटे. या वृत्तीचे मूळ माझ्या आजोबांविषयीच्या आदरात होते. ते औंध संस्थानात वाढले. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला होता, आणि त्या शाळेत लागलेला नेम आजोबांनी साठीपर्यंत पाळला. त्यांच्या नेमात खाड्याला जागा नव्हती, आणि नेम असावा तर तसाच असावा, अशी माझी ठाम समजूत होती. आजोबांच्या वेळचा स्वयंपाक, पाहुणे आणि मुलांची आजारपणे आजी सांभाळत असे, हे मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आले.

तीन वर्षांपूर्वी मिरजेला आई न्हाणीघरात पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपीच्या बाई तिला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगत, आणि तिच्या मांड्यांमध्ये तेवढेही बळ उरले नव्हते. स्त्रीची पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटते आणि हाडांची झीज वेगाने होऊ लागते. स्नायू तर त्याच्याही कितीतरी आधीपासून कमी होत असतात. आईच्या खाटेशी बसून मी माझे वय मोजले आणि मला भीती वाटली. रथसप्तमीची वाट पाहण्याइतका वेळ आता माझ्याकडे नव्हता.

त्याच सुमारास सवयींविषयीचे एक संशोधन माझ्या वाचनात आले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांना रोज ठरावीक प्रसंगानंतर एक नवी गोष्ट करायला सांगितली आणि १२ आठवडे त्यांच्या नोंदी पाहिल्या. ती गोष्ट आपसूक होऊ लागण्यास लागलेला काळ साधारणपणे ६६ दिवसांचा होता, मात्र व्यक्तीगणिक तो १८ दिवसांपासून अंदाजे २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. म्हणजे एकवीस दिवसांत सवय जडते हे आपण सर्वत्र ऐकतो, त्याला इथे काही आधार नव्हता. मला सर्वांत मोलाचा वाटला तो त्यांचा दुसरा निष्कर्ष: एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्याच्या प्रक्रियेला म्हणण्यासारखा धक्का बसत नव्हता. इतकी वर्षे ज्या खाड्याला मी शेवट मानत आले, तो या नोंदींमध्ये केवळ एक रिकामा दिवस होता.

मग मीही व्यायामाचा रतीब लावला. सकाळी दूध तापवून गॅस बंद केला की बूट घालायचे, एवढे एकच ठरवले. प्रसंग ठरलेला असला की मनाशी वाद घालावा लागत नाही. वेळ असेल त्या दिवशी मी पर्वती चढून येते. तिथल्या १०३ पायऱ्या पूर्वी मला तीनदा थांबायला लावत. पावसाची झड लागलेली असेल, किंवा रात्री झोप झाली नसेल, तर इमारतीच्या जिन्याने दहा मिनिटे चढउतार करते आणि तो दिवस पूर्ण धरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. पूर्वी त्यात सलग दहा मिनिटांची अट होती. २०२० च्या शिफारशींत ती काढली गेली, त्यामुळे जिन्यावरची पाच मिनिटेही आता हिशेबात धरता येतात. बुधवारी आणि शनिवारी मी पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या हातात घेऊन खुर्चीतून उठबस करते आणि भिंतीला हात टेकवून जोर काढते. नमस्कारही घालते, पण सहाच, आणि सावकाश.

एकच गोष्ट मी कटाक्षाने पाळते, ती म्हणजे खाड्याची भरपाई करायची नाही. पहिल्या वर्षी तापातून उठल्यावर राहिलेले चार दिवस भरून काढण्यासाठी मी एका सकाळी दोनदा पर्वती चढले आणि गुडघा सुजून पुढचे दोन आठवडे घरी बसले. दूधवालासुद्धा न आलेल्या दिवसांचे दूध दुसऱ्या दिवशी आणून ओतत नाही.

कालनिर्णयावर आता दोन रंगांच्या फुल्या असतात. दुधाच्या काळ्या आणि माझ्या लाल. मार्चमध्ये लाल फुल्या १३ होत्या, एप्रिलमध्ये पाच. महिन्यातून एका रविवारी मी मिरजेला जाते, तेव्हा आई आणि मी समोरासमोर खुर्च्या मांडून हात न टेकता उठतो. माझे दहा होतात. आई सहाला थांबते आणि माझे उरलेले चार मोठ्याने मोजते.