खोली तुम्हीच विकलीत ना?

लालबागची म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘तुम्ही मराठी लोकांनीच पैसे घेऊन खोल्या विकल्या, मग गिरणगाव गेलं म्हणून ओरड कसली?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहिते.

हो, विकल्या. आमचीही विकली. दहा बाय बाराची, त्यातच मोरी, वर पोटमाळा. संडास गॅलरीच्या टोकाला, साऱ्या मजल्याचा मिळून. आत बाबा आणि काकांचे संसार, शिवाय गावाहून आलेलं कुणी ना कुणी. पाळ्या वेगवेगळ्या असायच्या म्हणून झोपायला जागा पुरायची. रात्रपाळीचा माणूस दिवसा पोटमाळ्यावर निजे आणि आम्ही पोरं कुजबुजत अभ्यास करायचो.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले बहुतेक पुन्हा साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, उभे राहिले नाहीत. आधी दागिने गेले, मग तांब्यापितळेची भांडी. खोली पागडीची, म्हणजे आधी एकरकमी पैसे भरून भाड्याने घेतलेली; तिचं भाडं किरकोळ, म्हणून छप्पर तेवढं टिकलं. पण खोली एक आणि वारस चार. विकली तेव्हा घरमालकाने आपला हिस्सा घेतला, उरलेल्याचे चार वाटे झाले. तेवढ्यात लालबागला काय येणार? कुणी डोंबिवली गाठली, कुणी विरार.

गिरण्यांच्या जमिनीचं मात्र मला अजून पचत नाही. 1991 च्या नियमात साधारण एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला (सरकारी गृहनिर्माण मंडळाला) घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असा हिशेब होता. 2001 मध्ये तो बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, शेड उभ्या होत्या ती जमीन हिशेबातून बाहेर. गिरण्यांच्या आवारात रिकामं असतं किती? 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल कायम ठेवला. आमची पोरं जिथे राहू शकली असती, तिथे मॉल आणि टॉवर आले.

गिरणी कामगारांसाठीच्या 2012 च्या म्हाडा सोडतीत घरं होती 6,925, अर्ज दीड लाखाच्या घरात. बाबांचं नाव लागलं नाही. पिवळी पडलेली पगारपावती आणि ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड लावून आता वारस म्हणून मी अर्ज केलाय. मुंबईबाहेर, लांब शेलू-वांगणीला घरं देऊ, असं सांगतात. त्याविरुद्ध जुलै 2025 मध्ये आझाद मैदानावर भर पावसाळ्यात कामगार आणि त्यांचे वारस जमले, त्यात मीही होते. आम्हाला घर मुंबईतच हवंय.