रिकाम्या नळीतले जिवाणू

जिवाणूंना ओढून घेणारे आकर्षक द्रव्य भरलेली बारीक नळी जिवाणूंच्या द्रवात ठेवायची, मग आत शिरलेले जिवाणू बशीत वाढवून त्यांच्या वसाहती मोजायच्या, असा आमचा प्रयोग. आज वसाहती मोजून झाल्यावर मी सवयीप्रमाणे नियंत्रण नळीचा, म्हणजे ते द्रव्य न घातलेल्या नळीचा, आकडा इतर आकड्यांतून वजा करत होतो, तेव्हा शेजारी बसलेल्या विद्यार्थिनीने विचारले, “सर, या नळीत आकर्षक द्रव्य नव्हतेच, मग हे जिवाणू आत कशासाठी गेले?”

कशासाठीच नाही, असे मी म्हणालो आणि थबकलो.

ई. कोलाय हा जिवाणू साधारण एक सेकंद सरळ पोहतो, मग क्षणभर जागच्या जागी गडबडतो आणि जवळजवळ कोणत्याही दिशेने पुन्हा निघतो. हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी १९७२ मध्ये एकेका जिवाणूचा माग घेऊन दाखवले, की आकर्षक द्रव्य वाढत असेल तर ही सरळ धाव लांबते. त्याला दिशा निवडता येत नाही. काही सेकंदांपूर्वीच्या तुलनेत आता बरे आहे की नाही, एवढेच त्याला जाणवते. अवघ्या दोन मायक्रॉन लांबीच्या जिवाला ही तुलना जमते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

जिवाणूंची ही हालचाल गणितात मांडणाऱ्या केलर आणि सेगेल यांच्या समीकरणांत जिवाणूंच्या प्रवाहाची दोन पदे असतात: एक सैरभैर पसरण्याचे, दुसरे द्रव्याकडे सरकण्याचे. मी वजा करत होतो तो आकडा म्हणजे पहिल्या पदाचाच पुरावा होता, आणि दुसरे पद त्याच भटकंतीला मिळालेल्या किंचित कलातून उभे राहते.

संध्याकाळी मी वजाबाकीआधीचे सगळे आकडे आलेखावर पुन्हा मांडले. तुम्ही नियंत्रण नळीचा आकडा दाखवता, की वजा करून विसरता?