कापसाच्या महिन्यात कादंबरी लिहू नका

दर नोव्हेंबरात एका महिन्यात कादंबरी लिहायचा ‘नॅनोरायमो’ (NaNoWriMo) हा उपक्रम मुळात नोव्हेंबरचा नव्हता. 1999 साली क्रिस बेटीने सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात तो सुरू केला तेव्हा महिना जुलैचा होता आणि लिहिणारे होते 21 जण. पुढच्या वर्षी त्यांनी तो नोव्हेंबरात नेला. तिकडे त्या दिवसांत हवा वाईट असते, बाहेर जाववत नाही, म्हणून माणूस घरात बसून लिहील असा हिशोब. 30 दिवसांत 50,000 शब्द, म्हणजे रोज 1,667. हा आकडा आणि हा महिना मग जगभर गेला. उपक्रम चालवणारी संस्था बंद होत असल्याचं 2025 च्या मार्चमध्ये जाहीर झालं, पण पद्धत काही कुणाच्या मालकीची नाही. वही, पेन आणि कॅलेंडर असलं की झालं.

तिकडची हवा मात्र आपल्याकडे नाही. वऱ्हाडात नोव्हेंबर म्हणजे कापसाची वेचणी, हरभऱ्याची पेरणी, सोयाबीनच्या भावाची चौकशी. संत्र्याच्या पट्ट्यात आंबिया बहाराची फळं तुटत असतात. भंडारा-गोंदियाकडे धानाची कापणी, बांधणी आणि चुरणा, म्हणजे मळणी. शिवाय दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी ऐन नोव्हेंबरात. अशा महिन्यात रोज दीड-दोन तास मागणारं काम हाती घेतलं की आठव्या-नवव्या दिवशी ते सुटतं, आणि माणूस समजतो आपल्यात दम नाही. दम असतो. महिना चुकलेला असतो.

शेतीच्या घरात लिहिणाऱ्यासाठी मला 15 जानेवारी ते 13 फेब्रुवारी हे मोजून 30 दिवस सगळ्यात बरे वाटतात. संक्रांत झालेली असते, तूर बहुतेक घरी आलेली असते, हरभरा घाट्यावर असतो. फरदड, म्हणजे त्याच झाडांचं दुसरं पीक, ठेवली नसेल तर कापसाचाही पसारा आवरलेला असतो. काम तरी असतंच, पण त्यातलं बरंचसं वाट पाहण्याचं. गव्हाला ओलीत द्यायचं तर थ्री फेज लाइन अनेकदा रात्रीच येते. पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत जाईपर्यंत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून राहावं लागतं. हरभऱ्यावर रोही (नीलगाई) आणि रानडुकरं येतात म्हणून जागल असते. बॅटरी आणि वही घेऊन बसलेल्या माणसाला यातला एक तास सहज मिळतो. शिक्षकांना आणि परीक्षेच्या पोरांना हे दिवस जमणार नाहीत. त्यांनी मे महिना घ्यावा आणि पहाटे साडेचार ते साडेसहा लिहावं. उन्हं चढल्यावर विदर्भात डोकं चालत नाही.

आता आकडा. 50,000 हा इंग्रजीचा आकडा आहे, तो जसाच्या तसा मराठीला लावणं चूक आहे. आपण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय नामालाच जोडतो. ‘वावरातल्या विहिरीवरून’ हे आपले दोन शब्द. इंग्रजीत तेच सांगायला सहा-सात शब्द खर्च होतात. म्हणजे मराठीतले 50,000 शब्द हा बराच मोठा ऐवज झाला. पहिल्या वेळेला 36,000 धरा. रोज 1,200 शब्द, आणि छापल्यावर साधारण 140 पानांचं पुस्तक. बाजाराचे चार दिवस सुटी ठेवायची असेल तर उरलेल्या 26 दिवसांत रोज 1,400. मी म्हणेन सुटी ठेवाच. खाडा ठरवून घेतला तर तो सुटी असतो. न ठरवता पडला तर दुसऱ्या दिवशी वही उघडायची लाज वाटते, आणि त्या लाजेपायीच बहुतेक महिने बुडतात.

हातानं लिहिणाऱ्यांनी शब्द मोजत बसू नये. आपल्याच अक्षरातल्या दहा ओळी मोजा, सरासरी काढा. ओळीत 8 शब्द आणि पानावर 25 ओळी बसत असतील तर पान 200 शब्दांचं, म्हणजे रोजची सहा पानं. सुरुवातीचे तीन दिवस घड्याळ लावून बसा. तासाला 500 शब्द होत असतील तर रोज जवळपास अडीच तास लागणार, हे तिसऱ्याच दिवशी कळलेलं बरं. तेवढा वेळ नसेल तर लगेच आकडा खाली आणा, 800 करा. आकडा कमी केल्यानं काही बिघडत नाही. तो रोज चुकवत राहिल्यानं बिघडतं.

महिना लागण्याआधीचे दहा दिवस तयारीचे. इथं बहुतेक लोक पात्रांची नावं, वय, रंगरूप लिहीत बसतात. त्याचा फारसा उपयोग होत नाही. उपयोग होतो दोन गोष्टींचा. एक, गावाचा नकाशा: पांदण कुठून निघते, विहीर कोणाच्या धुऱ्याला लागून आहे, गोठाणावरून कोणाचं दार दिसतं, पटवारी कोणत्या दिवशी येतो. हे कागदावर असलं की माणसं एकमेकांना कुठं भेटतील हे शोधत बसावं लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे 30 प्रसंग, प्रत्येकी एक ओळ. ओळीत कोणाला काय हवं आहे आणि आडवं काय येतं, एवढंच. ‘सदाशिव उदास बसला होता’ हा प्रसंग नव्हे. ‘सदाशिवला बियाण्यासाठी भावाकडून पैसे हवेत, पण भावजयीसमोर मागायचे नाहीत’ हा प्रसंग. एक प्रसंग म्हणजे साधारण 1,200 शब्द, म्हणजे एक दिवस.

ग्रामीण कादंबऱ्या नवव्या ते तेराव्या दिवसाच्या दरम्यान अडतात, आणि त्याचं कारण जवळजवळ ठरलेलं आहे. लिहिणाऱ्याकडे परिस्थिती असते, पण मुदत नसते. दुष्काळ आहे, कर्ज आहे, म्हातारा बाप आहे. सगळं खरं आहे, पण उद्या काही घडलं नाही तरी चालेल अशी स्थिती असते. मग पात्रं ओसरीवर बसून आठवणी काढू लागतात. सलग तीन दिवस कोणीतरी बसून काहीतरी आठवत असेल तर समजा गाडी रुतली. अशा वेळी गोष्टीला तारीख द्या. आपल्या जगण्यात तारखा भरपूर आहेत. पीककर्ज 31 मार्चच्या आत भरायचं. फेरफाराची नोटीस आली की हरकत घ्यायला 15 दिवस, त्यानंतर मंडळ अधिकाऱ्यापुढे नोंद कायम होणार. भावाभावांच्या गोष्टीला याहून नेमकं घड्याळ कोणतं? कापूस भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवला आहे, त्यानं पोरांच्या अंगाला खाज सुटली आहे आणि लग्न वीस दिवसांवर आलं आहे. एवढं लिहून ठेवलं तर पुढचे दहा प्रसंग आपणहून सुचतात, कारण आता प्रत्येक पात्राला रोज काहीतरी करावं लागतं.

बोलीचा निर्णय पहिल्या दिवसाआधी घ्या, तोही लिहून. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, की सगळंच बोलीत? दोन्ही चालतं. चालत नाही ते म्हणजे पाचव्या पानावर ‘मले’ आणि चाळीसाव्या पानावर त्याच माणसाच्या तोंडी ‘मला’. एका पानावर तक्ता करा: मला/मले, कशाला/कायले, करतो आहे/करून राह्यला. आणि विदर्भ म्हटलं की एकच बोली असं धरू नका. प्रमाण ‘डोळा’ वऱ्हाडीत ‘डोया’ होतो आणि पूर्वेकडच्या झाडीपट्टीत ‘डोरा’. वऱ्हाडातल्या अकोटचा माणूस आणि झाडीपट्टीतल्या ब्रह्मपुरीचा माणूस एकाच तोंडानं बोलला तर तिकडचा वाचक दुसऱ्याच पानावर पुस्तक मिटतो. ज्या गावाची बोली कानात पक्की आहे त्याच गावात कादंबरी ठेवा. दुसऱ्या भागातलं पात्र आणायचंच असेल तर ते कमी बोलणारं ठेवा.

संवाद शिकायला याच दिवसांत एक उत्तम जागा उघडी असते. दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया भागात झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडसा हे त्या धंद्याचं केंद्र. रात्रभर चालणाऱ्या नाटकात लोक कोणत्या प्रसंगाला उठून चहाकडे जातात आणि कोणत्या वाक्याला मागं वळून उभे राहतात, एवढंच पाहत बसा. लोक उठतात तिथं बहुधा पात्रं एकमेकांना ठाऊक असलेलीच माहिती सांगत असतात. आपल्या वहीतही नेमकं तेच झालेलं सापडतं.

रोजच्या बसण्याचा एकच कडक नियम: मागं वळून दुरुस्ती करायची नाही. काल लिहिलेल्या शेवटच्या दहा ओळी वाचायच्या आणि पुढं निघायचं. नायकाचं नाव विठ्ठलवरून गुणवंत करावंसं वाटलं तर आजपासून गुणवंत लिहा आणि वहीच्या शेवटच्या पानावर नोंद करा. मोजणीच्या अर्जाचा नियम माहीत नसेल तर तिथं ‘इथं विचारणे’ असं लिहून चौकट आखा. शोध घ्यायला फोन उघडला की तासाभरानं बंद होतो, आणि तोवर लाइनही गेलेली असते. रात्री थांबताना प्रसंग पुरा करू नका, मधेच थांबा. दार वाजलं, आत कोण आलं ते उद्या. दुसऱ्या दिवशीची पहिली ओळ तयार असणं ही फार मोठी सोय आहे.

फोनवर बोलून टाइप करणाऱ्यांसाठी थोडं. वेग दुप्पट होतो हे खरं, पण फोन वऱ्हाडीची प्रमाण मराठी करून टाकतो. ‘जाऊन राह्यला’ म्हणा, तो ‘जाऊन राहिला’ लिहील. ‘शाया’ (शाळा) म्हणा, त्याला काहीच कळणार नाही. म्हणून निवेदन बोलून घ्या आणि संवाद हातानं टाइप करा. बोलीतले नेहमीचे पन्नासेक शब्द कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात आधीच भरून ठेवा, मग सूचना बरोबर येतात. बोललेल्या मजकुरात विरामचिन्हं बहुधा नसतात, ती त्याच रात्री टाका. आठ दिवसांनी तुमचंच वाक्य कुठं तुटतं ते कळत नाही. वावरात रेंज नसेल तर आवाज रेकॉर्ड करा आणि घरी आल्यावर उतरवा. रोजच्या मजकुराची एक प्रत स्वतःलाच मेल करत जा. फोन पाण्याच्या दांडात पडतो, आणि तो बहुधा पंचविसाव्या दिवशी पडतो.

14 फेब्रुवारीला वही कपाटात ठेवा आणि होळीपर्यंत काढू नका. त्याआधी वाचली तर सगळंच छान वाटेल किंवा सगळंच टाकाऊ, आणि दोन्ही खोटं असतं. होळीनंतर एका बैठकीत नव्हे, तीन-चार बैठकांत मोठ्यानं वाचा. पहिल्या वाचनात दुरुस्ती नाही, समासात फक्त तीन खुणा: जिथं कंटाळा आला तिथं रेघ, जिथं कळलं नाही तिथं प्रश्नचिन्ह, जिथं वाचताना आवाज बदलला तिथं फुली. फुल्यांची पानं ही तुमची कादंबरी. पहिल्या खेपेला 36,000 पैकी 10,000 शब्द तसे निघाले तरी महिना वाया गेला नाही. फोनवर लिहिलं असेल तर ‘अचानक’, ‘तेवढ्यात’, ‘मनात विचार आला’ हे शोधून किती वेळा आलेत ते पाहा. बहुतेक ‘अचानक’ नुसते काढून टाकले की वाक्य सुधारतं. ‘मनात विचार आला’ जिथं असेल तिथं पात्राच्या हातात एखादं काम द्यावं लागतं, आणि तिथं खरी मेहनत आहे.

लेखक म्हणून वाढ एका महिन्यात दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच्या महिन्यात दिसते. तीही नोंदी ठेवल्या असतील तरच. रोज लिहून झालं की एक ओळ: तारीख, शब्द, किती वेळ लागला, कुठं अडलं. दोन वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की आपली खोड उघडी पडते. कोणी बाजाराचा प्रसंग तासाभरात लिहितो आणि नवरा-बायकोच्या बोलण्यावर चार रात्री घालवतो. कोणाचे सगळे प्रसंग संध्याकाळी घडतात. कोणाच्या कादंबरीत बायका फक्त चहा आणून देतात. हे आपलं आपल्याला वाचताना दिसत नाही, नोंदीत दिसतं.

म्हणून दर वर्षीच्या महिन्याला एकच अभ्यास ठेवा. पहिल्या वर्षी फक्त शेवटापर्यंत पोचायचं, कसंही. दुसऱ्या वर्षी जो प्रसंग चार रात्री खातो त्याच जातीचे दहा प्रसंग मुद्दाम घ्यायचे. तिसऱ्या वर्षी नवी गोष्ट नकोच: पहिल्या वर्षीची फुल्यांची पानं समोर ठेवायची आणि तीच गोष्ट पहिल्या शब्दापासून नव्यानं लिहायची, जुनी वही न उघडता. जे प्रसंग न पाहता आठवले ते ठेवायचे. जे आठवलेच नाहीत ते शोधायला जुन्या वहीकडे परत जायचं नाही.