लाइमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, पण डॉक्टर म्हणाले लाइम नाही

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मेच्या शेवटी मेमोरियल डेच्या सुट्टीत डेलावेअर वॉटर गॅपला ट्रेकला गेलो होतो, मुलं गवतात लोळली, आम्हीही बसलो. घरी येऊन मुलांचं अंग नीट तपासलं, स्वतःचं नाही. तिथली लहान गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, चावली तरी कळत नाही, आणि लाइम हा बॅक्टेरियाचा आजार तिच्याच चाव्यातून होतो.

10 जूनला मला ताप आला, अंग मोडून आलं, मान आखडली. तो गोल लाल चट्टा म्हणतात तो काही दिसला नाही, पण तो सगळ्यांना येतोच असं नाही. 24 जूनला डॉक्टरांनी रक्त घेतलं आणि दोन दिवसांनी पोर्टलवर लाल अक्षरं दिसली. पहिली टेस्ट पॉझिटिव्ह, नंतरच्या वेस्टर्न ब्लॉट या खात्रीच्या टेस्टमध्ये आयजीएम, म्हणजे सुरुवातीला येणाऱ्या अँटिबॉडी, पॉझिटिव्ह (23 आणि 41 हे दोन बँड, म्हणजे टेस्टवर उमटणाऱ्या रेषा), आयजीजी, म्हणजे नंतर येणाऱ्या अँटिबॉडी, त्यांचे तीनच बँड म्हणून निगेटिव्ह. त्याखाली डॉक्टरांचा दोन ओळींचा मेसेज, त्रास बऱ्याच महिन्यांपासून आहे त्यामुळे आयजीएम फॉल्स पॉझिटिव्ह, लाइम नाही, औषधाची गरज नाही.

मी रात्रभर सीडीसीचं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचं, पान वाचत बसले. आयजीएमचे 3 पैकी 2 बँड लागतात, आयजीजीचे 10 पैकी 5, आणि आयजीएम फक्त त्रास सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या 30 दिवसांतच धरायचं. म्हणजे डॉक्टरांचा नियम बरोबर होता! मग माझं मन का मानत नव्हतं? शेवटी व्हिजिटच्या नोट्स उघडल्या तर तिथे लिहिलेलं, थकवा जानेवारीपासून. ते मीच बोलता बोलता सांगितलं होतं, पण तो थकवा वेगळा, ताप 10 जूनचा. रक्त घेतलं तेव्हा जेमतेम चौदावा दिवस होता आणि त्यांनी मोजलं जानेवारीपासून.

तारखा लिहून मेसेज केला, उत्तर तेच आलं. खूप वाईट वाटलं. डॉक्टरांना उलट विचारायची आपल्याला सवय नसते, त्यात ते दुखावतील ही भीती. त्याच दिवशी सावंतवाडीला बाबांशी बोलणं झालं, गोचीड म्हटल्यावर त्यांना लगेच गोचिडीमुळेच होणारा दोडामार्गचा माकडताप आठवला. मी म्हटलं बाबा तो व्हायरस, हा बॅक्टेरिया, याला अँटिबायोटिक आहे. तर म्हणाले, "औषध आहे मग थांबलीस कशाला गो?" फोन ठेवला आणि इन्फेक्शनच्या स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट घेतली.

ती मिळाली 9 जुलैची. त्या डॉक्टरबाईंनी आधी माझ्याकडून कॅलेंडर समोर ठेवून एकेक तारीख काढून घेतली, मला तिथेच रडू आलं. पहिल्या डॉक्टरांची शंका अगदीच बिनबुडाची नव्हती हेही त्यांनी सांगितलं, कारण 41चा बँड दुसऱ्या बॅक्टेरियामुळेही येतो, आणि आयजीएम चुकीचं पॉझिटिव्ह येणं नेहमीचं. म्हणून परत रक्त घेतलं, आणि माझा त्रास व तारखा बघून डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक त्याच दिवशी सुरू केलं. या वेळी आयजीजीचे सहा बँड आले. दोन आठवड्यांत तीनाचे सहा, म्हणजे इन्फेक्शन नवीनच होतं.

चौदा दिवस रोज दोन गोळ्या, पोटभर जेवून आणि ग्लासभर पाण्याबरोबर, गोळीच्या आगेमागे दोन तास दूध-दही नाही, उन्हात जायचं नाही. ताप आणि मान आठवड्यात बरी झाली. जानेवारीचा थकवा मात्र तसाच राहिला, तो लोहाच्या कमतरतेचा निघाला आणि त्याचं औषध वेगळं चालू झालं.

बरं झालं का बघायला परत टेस्ट करू नका असं बाईंनी बजावलं होतं, अँटिबॉडी वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतात. या वर्षी इन्शुरन्स बदलला म्हणून नवीन डॉक्टर, त्यांनी जुना रिपोर्ट बघून कोर्स परत द्यायचा का विचारलं. मी फोनमधून तारखा वाचून दाखवल्या, ताप, दोन्ही टेस्ट, गोळ्या सुरू, गोळ्या बंद. त्यांनी सगळ्या लिहून घेतल्या आणि म्हणाले, मग गरज नाही.