पाठीवरचे दहा लिटर

इंदूरजवळ खंडवा रोडवरच्या आमच्या तुकड्यात द्राक्षाचे पन्नासेक वेल आहेत. एवढ्याला बाग म्हणतात का रे, असे नाशिकचा मामेभाऊ दर फोनला विचारतो. त्याच्याकडे फवारणीला ट्रॅक्टरमागे ब्लोअर असतो. आमच्या रांगांत ट्रॅक्टर घातला, तर वळवायला शेजाऱ्याच्या गव्हातच शिरावे लागेल. तेव्हा पंप आला तो पाठीवरचाच.

इंदूरच्या सियागंज बाजारातला दुकानदार टाकी दाखवतो. सोळा लिटर, बॅटरीवाला, "भिया, एक चार्जिंग में पूरा खेत!" आता सोळा लिटर पाणी म्हणजे सोळा किलो, वर पंपाचे आणि बॅटरीचे वजन. साठीच्या पाठीने टाकी सोळाची घ्यावी आणि दहाच भरावी. बॅटरीचा आग्रह मात्र मीही धरतो, पण कारण वेगळे. हातपंपात डावा हात दांड्यावर अडकतो. बॅटरी असली की तो मोकळा राहतो आणि पाने बाजूला सारता येतात.

पाने सारायचीच असतात, कारण केवडा, म्हणजे द्राक्षाचा बुरशीसारखा रोग, पानाच्या पाठीमागून शिरतो. वरून कितीही भिजवा, खालची बाजू कोरडी राहिली की औषध वाया. म्हणून दुकानात टाकीपेक्षा नोझल निरखून घ्यावे. बारीक थेंबांचा, मधून पोकळ शंकूचा फवारा देणारे हवे, आणि नळीचे टोक वर वळवता यायला हवे. पहिली फेरी नुसत्या पाण्याची. थेंब पडला की निळा होणारा पिवळा कागद मिळतो, तो पानांच्या खालच्या बाजूला टाचून ठेवला की कुठे पोचलो ते लगेच कळते. पानांवरून ओघळ लागले तर तेही वायाच. एका रांगेला किती पाणी लागते, हेही याच फेरीत मोजून होते.

शेजारी भला माणूस. "काका, पंप विकत कशाला घेता? आमचा न्या ना!" त्याच्या पंपातून गव्हातल्या तणावर टू-फोर-डी मारलेले असते. द्राक्षाला त्याचा नुसता अंश पुरतो, पाने पंख्यासारखी आक्रसतात. पंप नीट धुतला असेलही, पण तणनाशकाचा पंप वेगळा तो वेगळाच. नकार देताना चहा जास्त पाजावा लागतो, इतकेच.

औषधांत माझा ओढा जुन्या बोर्डो मिश्रणाकडे. एक टक्क्याचे करायचे तर दहा लिटरला 100 ग्रॅम मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि 100 ग्रॅम चुना. दहाच लिटर भरण्याचा हाही एक फायदा, हिशेबाला कागद लागत नाही. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवायचे, मग एकत्र करून फडक्याने गाळायचे, नाहीतर नोझल तुंबते. लोखंडी सुरी बुडवून पाहायची. तांबूस झाली तर चुना कमी आहे. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे आणि पंपातून लगेच साधे पाणी सोडायचे.

या मिश्रणाचा जन्म मोठा गमतीचा. फ्रान्समधल्या मेदोकचे बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून. त्याच वेलींना केवडा लागला नाही, हे मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1882 मध्ये हेरले आणि 1885 मध्ये उपाय जाहीर केला. आमच्याकडचे चोर म्हणजे पोपट. त्यांना निळ्या-पांढऱ्या पानांचे काही वाटत नाही. त्यांच्यासाठी जाळीच घ्यावी लागणार. भाव विचारून ठेवला आहे, घरी अजून सांगितलेला नाही.