ट्विस्ट सुचतात कसे? तुम्ही विचारलंत म्हणून

डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं सेशन संपलं, फासे डबीत गेले, कॅरेक्टर शीट फायलीत गेले, की चपला घालता घालता कोणीतरी विचारतंच, "हे तुला आधीपासून माहीत होतं?" नव्याने डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) होऊ पाहणारे जरा आडून विचारतात, "ट्विस्ट सुचतात कसे हो तुम्हाला?" प्रश्न एकच आहे. आजवर मी "ते गुपित आहे" म्हणून वेळ मारून नेली, कारण खरं उत्तर फारसं रुबाबदार नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली छापून आला. तेव्हापासून मूळ मांडणी तीच आहे. चार-पाच जण एकेक पात्र घेतात आणि उरलेलं सगळं जग, म्हणजे राजा, राक्षस, पाऊस, पुलावरचा टोलवाला, डीएम सांभाळतो. "मी दार उघडते" असं म्हणायचं, गरज पडली तर फासा टाकायचा, दारामागे काय आहे ते डीएमने सांगायचं. कॅम्पेन म्हणजे हीच पात्रं आणि हीच गोष्ट, महिनोन् महिने. कादंबरी लिहिणाऱ्याचं बरं असतं, त्याचा नायक सांगितलं तसं वागतो. माझे पाच नायक टेबलापलीकडे बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत अंदाज बांधत असतात.

पहिल्या कॅम्पेनमध्ये मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. एक प्रेमळ म्हातारा ग्रंथपाल होता. तो कामगिऱ्या द्यायचा, निघताना जखमा भरायची औषधंही द्यायचा. आणि अर्थातच, सगळ्या संकटांच्या मुळाशी तोच होता. आठ महिने मी हे पोटात ठेवलं. त्याच्यासाठी दोन पानांचं भाषण लिहिलं, घरी आरशासमोर म्हणून पाहिलं. अखेर तो दिवस आला, ग्रंथपालाने मुखवटा उतरवला, मी भाषण संपवून वर पाहिलं, तर आमची 'रोग' (Rogue, चोरट्या चालीचं पात्र) खेळणारी मैत्रीण शांतपणे म्हणाली, "बरं, मग इनिशिएटिव्ह टाकायचा ना?" म्हणजे लढाईत पहिली पाळी कोणाची ते ठरवणारा फासा. त्यांना तिसऱ्याच सेशनला कळलं होतं. फुकट औषधं वाटणारा म्हातारा सरळ असूच शकत नाही, असा त्यांचा साधा हिशेब. मला वाईट वाटू नये म्हणून पाचही जण आठ महिने गप्प बसले होते. म्हणजे टेबलावर गुपित राखलं होतं ते त्यांनी.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पुढच्या कॅम्पेनमध्ये ते कोणावरच विश्वास ठेवेनात. एका लहान मुलीची शेळी हरवली होती. दोन वाक्यांचं काम होतं, शेळी शोधा, मुलगी हसेल. त्यांनी त्या मुलीला झोन ऑफ ट्रुथ या, खोटं बोलू न देणाऱ्या मंत्राच्या वर्तुळात उभं करून उलटतपासणी घेतली. शेळीचीही घ्यायचा विचार होता. भल्या माणसाने दगा दिला असं एकदा दाखवलं की तुमच्या जगातली सगळी भली माणसं संशयित होतात, आणि त्यांना पुन्हा भलं करायला वर्ष जातं. आता मी असला दगा एका कॅम्पेनमध्ये फार तर एकदा करते. बहुतेक वेळा तोही नाही.

फँटसीत आणखी एक अडचण आहे, जी रहस्यकथा लिहिणाऱ्यांना नसते. इथे खून झाला की खेळाडू प्रेतालाच विचारतात. मी ज्या पाचव्या आवृत्तीच्या, २०१४ च्या नियमांनी खेळवते, त्यात क्लेरिक (देवाच्या कृपेने मंत्र टाकणारं पात्र) पाचव्या लेव्हलला पोचला की त्याला स्पीक विथ डेड हा मंत्र वापरता येतो. प्रेताला तोंड शाबूत असलं की पाच प्रश्न विचारता येतात. झोन ऑफ ट्रुथ तर त्याच्याही आधी, तिसऱ्या लेव्हलला. त्या वर्तुळात मंत्र लागू झालेल्याला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही, आणि मंत्र लागू झाला की नाही हे टाकणाऱ्याला कळतं. थोडक्यात, जो ट्विस्ट कोणाच्या तरी खोटेपणावर उभा आहे तो दहा मिनिटांत आडवा होतो. सुरुवातीला मी याने वैतागायचे. त्या मंत्रांवर बंदी घालावी असंही वाटलं होतं. मग नियम नीट वाचले. प्रेताला जिवंतपणी जे माहीत होतं तेवढंच माहीत असतं. वर्तुळातल्या माणसाला खोटं बोलता येत नाही, पण गप्प बसता येतं, उत्तराला बगल देता येते, आणि ज्याचा स्वतःचाच समज चुकीचा आहे तो चुकीचंच सांगतो, तेही मनापासून. तेव्हापासून माझ्या खलनायकांनी खोटं बोलणं जवळपास सोडलंय. ते खरंच बोलतात. खेळाडू ऐकताना स्वतःच्या सोयीचा अर्थ लावतात.

आता नकाशाची गोष्ट सांगते, कारण "आधीपासून माहीत होतं?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त तिच्याचबद्दल विचारला गेलाय.

राणीच्या दरबारातून काम मिळालं होतं. सीमेपलीकडच्या जंगलात जा, तिथल्या गावांचा नकाशा करा, दर गावामागे दहा सोन्याची नाणी. टेबलावर मी मोठा कोरा कागद पसरला आणि नकाशा खेळाडूंनाच काढायला लावला. नावंही त्यांनीच द्यायची. पहिल्याच गावात काही नव्हतं, एक विहीर आणि चार झोपड्या, म्हणून त्याचं नाव पडलं उगाचवाडी. तिथल्या एका म्हातारीने त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "आमचं गाव तेवढं कागदावर काढू नका, बाळांनो." हे वाक्य मी का टाकलं? म्हातारीने काहीतरी गूढ बोलावं म्हणून. त्यामागे काहीही नव्हतं, शपथ. आमच्यात एक जण सगळ्या सेशनची टिपणं ठेवते, तिने वहीत लिहिलं, "म्हातारी विचित्र. चेटकीण?" आणि गाव नकाशावर काढलं.

सहाव्या सेशनला नाणी मोजता मोजता कोणीतरी सहज म्हणालं, "पण राणीला इतकी गावं हवीत कशाला? तिकडे तर तिचा वसुलीवालाही फिरकत नाही." सगळे हसले आणि पुढे गेले. मी नाही गेले. त्या रात्री हा प्रश्न आणि म्हातारीचं वाक्य वहीत शेजारी शेजारी लिहिलं आणि बघत बसले. तिकडे कोणी फिरकत का नाही? कारण त्या जंगलात एखादं गाव ठरवून गाठताच येत नाही. वाट चुकलेला माणूस योगायोगाने पोचतो, परत गेला तर गाव तिथे सापडत नाही. कागदावर उतरलं, नाव मिळालं, की मात्र ते जागेवर खिळतं. मग कोणीही जाऊ शकतं. फौजही.

एवढं ठरल्यावर मी कोणाला काहीच सांगितलं नाही. फक्त एक बदल केला. नकाशावर असलेल्या गावाकडे ते पुन्हा निघाले की वाट शोधायचा रोल, म्हणजे फासा टाकून जमलं की नाही ते ठरवणं, मागणं बंद केलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते असं की, "आपण आता जंगलात तरबेज झालो." आठव्या सेशनला एका व्यापाऱ्याकडे त्यांच्याच नकाशाची नक्कल दिसली, त्यांच्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट. त्याचं त्यांना कौतुक वाटलं. दहाव्याला पायवाटेवर नालांचे ठसे दिसले. अकराव्याला ते उगाचवाडीत पोचले. झोपड्या जळलेल्या होत्या, आणि विहिरीच्या खांबावर खिळ्याने ठोकलेलं राजाज्ञेचं पत्रक होतं. पत्रकावर गावाचं नाव: उगाचवाडी.

त्या गावाला गावातल्या कोणीही कधी उगाचवाडी म्हटलं नव्हतं.

टेबलावर कोणी बोलेना. टिपणं ठेवणारीने वहीची पानं मागे उलटली, पहिल्या सेशनवर थांबली, आणि स्वतःच्याच अक्षरातली ती ओळ मोठ्याने वाचली. मला भाषणाची गरजच पडली नाही. उरलेलं अख्खं कॅम्पेन मग त्या नकाशाच्या नकला शोधून जाळण्यात गेलं. ते मी योजलेलंच नव्हतं. मी राणीशी युद्ध योजलं होतं.

तर नाही, आधीपासून माहीत नव्हतं. सुचण्याची माझी रीत म्हणाल तर एवढीच: खेळाडू जाता जाता जे प्रश्न विचारतात ते मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते, आणि कधीतरी त्यातल्या एखाद्याचं उत्तर जुन्या सेशनमध्ये शोधते. धागा मागे सापडला तरच घेते. नाही सापडला तर सोडून देते, कितीही मोह झाला तरी.

यावर एक जुना खेळाडू माझ्याशी भांडला होता. म्हणाला, ही फसवणूक आहे, तू मागाहून जुळवतेस. मी माझ्यापुरती रेघ आखली आहे. टेबलावर मोठ्याने बोललं गेलं ते घडलं, ते बदलायचं नाही. माझ्या वहीत आहे ते अजून घडलेलं नाही. त्याला हे पटलं नाही, आणि त्याची बाजू अगदीच चूक आहे असं मलाही म्हणवत नाही. पण एका बाबतीत आमचं एकमत आहे: खेळाडूंनी ट्विस्ट आधी ओळखला म्हणून तो ऐन वेळी बदलायचा, ही खरी चोरी. पाच महिने खुणा जोडून एखादीने बरोबर ताडलं असेल तर तो तिचा विजय आहे. "कसं कळलं तुला!" म्हणायचं आणि तिला ऐटीत मिरवू द्यायचं.

खुणांचं गणित मात्र रोखठोक आहे. महत्त्वाची गोष्ट एकाच रोलमागे लपवू नका. वीस बाजूंच्या फाशावर ११ किंवा जास्त हवेत असं ठेवलंत आणि एकीनेच टाकला, तर निम्म्या वेळा खूण हातची जाते. पाचही जणांनी टाकला तर निदान एकाला सापडण्याची शक्यता ९७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे लपवायचं नाटक तरी कशाला? उलट २० च पडायला हवेत असं अवघड ठेवूनही पाच जण मिळून साधारण २३ टक्के वेळा गाठतातच. जस्टिन अलेक्झांडर या अमेरिकन लेखकाने तीन खुणांचा नियम मांडलाय. खेळाडूंनी एखाद्या निष्कर्षावर यावं असं वाटत असेल तर त्याकडे नेणाऱ्या किमान तीन खुणा ठेवा. एक त्यांना दिसणारच नाही, दुसरीचा ते भलताच अर्थ लावतील, तिसरी लागू पडेल. माझ्या अनुभवात तिसरीच्या वेळीही निम्मे जण खायला उठलेले असतात.

आणि कळलं तर सगळं फुकट, असंही नाही. कर्ण कुंतीचा मुलगा आहे हे ऐकणाऱ्याला कधीचं ठाऊक असतं. कर्णाला ते युद्धाच्या तोंडावर कळतं, पांडवांना युद्ध संपल्यावर, त्याला तिलांजली द्यायची वेळ येते तेव्हा. ऐकणाऱ्याला धक्का कुठेच बसत नाही, तरी युधिष्ठिर दर वेळी तसाच कोसळतो. हे समजल्यापासून मी कधी कधी एखाद्या खेळाडूलाच कटात घेते. एकीचं पात्र मुळात बहुरूपी डॉपेलगँगर आहे हे दीड वर्ष फक्त तिला आणि मला माहीत होतं. उघड कधी करायचं तेही तिनेच ठरवलं, आणि मी निवडला असता त्यापेक्षा कितीतरी चांगला क्षण निवडला.

विचारून केलेलं आणि न विचारता केलेलं, यात फरक मात्र फार पडतो. एका मित्राने पात्राच्या पूर्वकथेत लिहिलं होतं, "आई वारली." मी ती आई लिच, म्हणजे मेल्यावरही जादूच्या बळावर टिकून राहिलेली चेटकीण, करून परत आणली, सिंहासनावर बसवली. तो त्या दिवशी व्यवस्थित खेळला. दोन दिवसांनी फोन करून म्हणाला, "तिला मेलेलीच राहू दे ना." कारण त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पुढच्या सेशनला मी स्वतःचाच नियम मोडला: ती आई नव्हती, तिचं रूप घेतलेलं कोणीतरी होतं. इतरांना तो उत्तम ट्विस्ट वाटला. हल्ली पहिल्या सेशनच्या आधीच प्रत्येकाला विचारून घेते की तुझ्या माणसांना मी हात लावलेला चालेल का, आणि कोणाला लावायचा नाही.

गेल्या सेशनला विझार्ड खेळणाऱ्याने विचारलं, "तो पुलावरचा टोलवाला आपण गेलो की दर वेळी आपली नावं नव्याने का विचारतो? चारदा भेटलोय आपण त्याला." खरं सांगायचं तर मी विसरत होते. दर वेळी मला वाटायचं, ही पहिलीच भेट. मी चेहरा शक्य तेवढा गंभीर ठेवला, "हं" म्हटलं, आणि वहीचं शेवटचं पान उघडलं.