लॉकडाऊनमधली हवा : कोणता आकडा घसरला, कोणता चढला

लॉकडाऊनमध्ये हवा स्वच्छ झाली, हे वाक्य अर्धंच खरं आहे. २०२० मध्ये शहरांतला नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्याने घसरला, पीएम २.५ (२.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण) त्यामानाने कमी घटला, तोही जागोजागी वेगवेगळा. जमिनीलगतचा ओझोन, जो इथे प्रदूषकच असतो, तो मात्र बऱ्याच शहरांत चक्क वाढला.

नायट्रोजन डायऑक्साइडचं गणित सोपं आहे. शहरात तो बराचसा वाहनांच्या धुरातून येतो आणि दिवसा जेमतेम काही तास टिकतो, त्यामुळे वाहतूक थांबली की आकडा लगेच उतरतो. पीएम २.५ चा मोठा हिस्सा अमोनियासारख्या वायूंपासून हवेतच तयार होतो. शेतीतून येणारा अमोनिया कुठे बंद होता? शिवाय हे कण कित्येक दिवस तरंगत राहतात आणि लांबून वाहत येतात. फेब्रुवारी २०२० मध्ये बीजिंगचे रस्ते ओस पडले होते, तरी वारा पडलेला आणि हवा दमट असल्याने शहरावर दाट धुरकं साचलं.

खरी गंमत ओझोनची. धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो आणि त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. म्हणूनच वर्दळीच्या रस्त्यालगत रात्री ओझोन एरवी जवळपास संपतो. गाड्या थांबल्या, की खाणारा गेला आणि ओझोन शिल्लक राहिला. पण वाढ एवढ्यानेच झाली, की नवा ओझोनही बनला? ते पाहायला ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइड हे दोन्ही वायू पीपीबीत (अब्जातले भाग) आणून त्यांची बेरीज करावी. २५ अंश सेल्सिअसला घनमीटरमागच्या मायक्रोग्रॅमचा आकडा नायट्रोजन डायऑक्साइडसाठी १.८८ ने आणि ओझोनसाठी १.९६ ने भागायचा. समजा, नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन आधी अनुक्रमे ४० आणि ६० मायक्रोग्रॅम होते, नंतर २० आणि ८० झाले. बेरीज आधी सुमारे ५२ पीपीबी, नंतर सुमारे ५१. म्हणजे ओझोन वाढल्यासारखा दिसतो, पण ही नुसती अदलाबदल आहे. बेरीजच वाढली तर ऊन, तापमान आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगं (इंधन, रंग यांतून सहज उडणारी कार्बनी रसायनं) तपासायला हवीत. ही संयुगं तोकडी आणि नायट्रोजन ऑक्साइड (नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड मिळून) मुबलक असतील, तिथे फक्त नायट्रोजन ऑक्साइड घटवले की ओझोन उलट जास्त बनतो.

तुलनेत सर्वाधिक घोळ होतो. लॉकडाऊनची गाठ आधीच्या महिन्याशी घालू नये. उत्तर गोलार्धात मार्च-एप्रिलमध्ये ऊन तापतं, हवेचा मिसळथर (जमिनीलगतचा, प्रदूषण ज्यात मिसळतं तो थर) उंचावतो आणि प्रदूषण एरवीही पातळ होतं. आधीच्या तीन ते पाच वर्षांचे तेच आठवडे घ्यावेत. वुहानसाठी तेवढंही पुरत नाही. तिथली टाळेबंदी २३ जानेवारीची, चिनी नववर्ष २५ जानेवारीचं, आणि त्या सुट्टीत वाहतूक दरवर्षीच मंदावते. तिथे तारखा चांद्र पंचांगाने जुळवाव्या लागतात. त्यानंतर वारा, तापमान, आर्द्रता आणि मिसळथराची उंची देऊन एरवी किती प्रदूषण असतं, याचं गणिती प्रारूप बसवायचं आणि प्रत्यक्ष आकडा त्यातून वजा करायचा. हवामान न वगळता काढलेल्या टक्केवारीवर माझा तरी भरवसा नाही.

उपग्रहाचे रंगीत नकाशेही जपून वाचावेत. सेंटिनेल-५पी हा हवेतले वायू मोजणारा युरोपीय उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास वरून जातो. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीची वेळ त्याला दिसतच नाही, आणि तो मोजतो हवेचा अख्खा स्तंभ, नाकाजवळची हवा नव्हे. जमिनीवरची यंत्रंही निर्दोष नाहीत. मॉलिब्डेनमचा कन्व्हर्टर (मोजण्याआधी नायट्रोजन डायऑक्साइडचं नायट्रिक ऑक्साइड करणारा भाग) असलेला विश्लेषक नायट्रिक आम्लासारखी इतर संयुगंही नायट्रोजन डायऑक्साइड म्हणून मोजतो. मूळ वायू कमी झाला की या भेसळीचा वाटा वाढतो आणि घट प्रत्यक्षाहून थोडी लहान दिसते.